कॉकेशसचे नर्तक परमुलखात

जुने गोवे पाहून आलेल्या मंडळींना संत ऑगस्टीनच्या मठाचा तो एकटाच उरलेला मनोरा नक्की आठवत असेल. भोवतालचा सारा मठ केव्हाच कोसळला. जांभ्या दगडाचा हा मनोरा तेवढा आभाळाकडे बोट दाखवीत उभा आहे. याच मठाच्या ढिगाऱ्यात एका परदेशी राणीच्या अस्थी जवळजवळ चार शतके पडून होत्या, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. राणीचे नाव केतेवान. १६२४ साली इराणातील शिराझ येथे शहा अब्बासच्या हुकमाने तिचा छळ करून वध झाला. आपला धर्म सोडण्यास तिने नकार दिला, एवढाच तिचा अपराध. तेथे असलेल्या ऑगस्टीन पंथाच्या पोर्तुगीज पाद्र्यांनी तिच्या अस्थी जपल्या आणि त्यांतला काही भाग १६२७ साली गोव्यास आणला. पुढे मठ पडला आणि राणी विस्मरणात गेली. आपल्या पुरातत्त्व खात्याने त्या अवशेषांचा माग काढला, हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी त्यांची जनुकीय परीक्षा केली, आणि २०१३ साली त्या अस्थी राणीच्याच असल्याचा निर्वाळा मिळाला. २०२१ च्या जुलैमध्ये भारत सरकारने त्यांतला अंश तिच्या मायदेशी सन्मानाने पोहोचविला.

तो मायदेश म्हणजे जॉर्जिया. काळ्या समुद्राच्या काठी, कॉकेशस पर्वताच्या ओट्यात वसलेला हा देश केवढा? लोकवस्ती चाळीस लाखांच्या आतबाहेर. आपल्या एका मुंबईत असे तीन देश सहज मावतील! परंतु या चिमुकल्या देशाला स्वतःची लिपी आहे, शेजाऱ्यांच्या भाषांशी नाते न सांगणारी भाषा आहे, आणि चौथ्या शतकापासून चालत आलेला ख्रिस्ती धर्म आहे. अरब आले, मंगोल आले, इराणी आले, तुर्क आले. शेवटी १८०१ साली रशियाच्या झारने देशाचा पूर्वभाग आपल्या साम्राज्यास जोडला आणि पुढे उरलेलाही गिळला. तेथील लोक आपल्या देशाला ‘साकार्तवेलो’ म्हणतात, पण बाहेरच्या जगाने ते नाव सहसा घेतले नाही. एवढेच काय, इंग्रजीतले त्याचे नाव अमेरिकेतल्या एका राज्याच्या नावाशी अक्षरशः जुळते. म्हणजे ‘आम्ही जॉर्जियाचे’ असे म्हटले तरी पुढे ‘कोणत्या?’ हा प्रश्न आलाच!

अशा देशाने स्वतःची ओळख जगाला करून द्यावी तरी कशी? भाषा कुणाला कळत नाही, फौज मोठी नाही, आणि दीर्घकाळ राज्यही आपले नाही. जॉर्जियाच्या लोकांपाशी एक साधन मात्र होते, ज्याला दुभाषी लागत नाही. ते म्हणजे त्यांचे नृत्य. या नर्तकांच्या परदेशगमनाची कथा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. त्या कथेत टाळ्या पुष्कळ आहेत. परंतु त्या टाळ्या कोणाच्या नावावर जमा झाल्या, हा तिचा खरा विषय आहे.

• • •

कथेची सुरुवात होते ती एका सर्कशीवजा तमाशात. अमेरिकेत विल्यम कोडी नावाचा एक नामांकित गृहस्थ होता. बफेलो बिल या नावाने त्याला सारे जग ओळखी. घोडेस्वार, नेमबाज, रेड इंडियन योद्धे अशांचा मोठा लवाजमा घेऊन तो अमेरिका आणि युरोप पालथे घाली. जगातले सगळे नामवंत घोडेस्वार आपल्या रिंगणात असावेत, अशी हौस त्याला वाटू लागली. मग त्याची माणसे थेट काळ्या समुद्राच्या काठी जाऊन पोहोचली. तेथे पश्चिम जॉर्जियात गुरिया म्हणून एक हिरवागार, डोंगराळ टापू आहे. तेथला शेतकरी गरीब, पण घोड्यावर बसण्यात पटाईत. १८९२ साली इवाने माखाराद्झे या पुढाऱ्याच्या हाताखाली गुरियन स्वारांची पहिली तुकडी लंडनला दाखल झाली.

काय त्यांची कसब वर्णावी! भरधाव घोड्याच्या खोगिरावर ताठ उभे राहायचे, डोके खाली पाय वर करून दौड करायची, पोटाखालून पलीकडे निघायचे, जमिनीवरची वस्तू धावता धावता उचलायची. खेळ आटोपला की हीच मंडळी घोड्यावरून उतरत, गोल करीत, गाणी म्हणत आणि आपल्या मुलखातली नृत्ये नाचून दाखवीत. जॉर्जियन नृत्य पश्चिमेच्या प्रेक्षकांनी पाहिले ते असे, घोड्यांच्या टापांनी उधळलेल्या धुळीत. १८९२ च्या जूनमध्ये विंडसरच्या राजवाड्यात खुद्द व्हिक्टोरिया राणीपुढे त्यांचा खेळ झाला. पुढच्या वर्षी शिकागोला जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा त्या प्रदर्शनाला लागूनच बफेलो बिलने आपला तळ टाकला होता. तेथेही हे स्वार होते. त्यानंतर कितीतरी वर्षे गुरियातली तरुण मंडळी हंगामाला आगबोटीने अमेरिकेस जात आणि चार पैसे गाठीला बांधून घरी परतत.

परंतु जाहिरातीच्या कागदावर त्यांचे नाव काय छापले होते? ‘रशियाचे कोसॅक’! वास्तविक कोसॅक निराळे आणि जॉर्जियन निराळे. कोसॅक हे झारच्या फौजेचे नावाजलेले घोडदळ. आणि ज्या मुलखावर झारची हुकमत बसली त्या मुलखाचे हे स्वार. म्हणजे एखाद्या मावळ्याला परदेशी नेऊन ‘हा पाहा दिल्लीच्या बादशहाचा शिपाई’ म्हणून उभे करावे, त्यातला प्रकार. पण लंडनच्या आणि शिकागोच्या प्रेक्षकांना कोसॅक हा शब्द परिचयाचा होता, त्याला वलय होते. तिकिटे त्या नावावर खपत. गुरियाचे नाव कोणाला ठाऊक? तेव्हा मालकाने नाव बदलले आणि स्वारांनी ते चालवून घेतले. घरी मुलेबाळे वाट पाहत होती. नावासाठी भांडण्याची ती वेळ नव्हती.

पहिल्या महायुद्धाने आणि १९१७ च्या क्रांतीने ही ये-जा बंद पडली. पुढे स्टालिनच्या काळात, एके काळी अमेरिकेस जाऊन आलो हे सांगणेही धोक्याचे झाले. परदेशाशी संबंध म्हणजे हेरगिरीचा संशय. कित्येक घरांतून त्या दौऱ्यांची छायाचित्रे भीतीने नष्ट करण्यात आली. आधी नाव गेले, मग चेहरेही गेले. जॉर्जियन संशोधकांनी पुढे चिकाटीने कागद जमविले म्हणून या स्वारांची खरी ओळख आज आपल्याला आहे.

• • •

पुढची हकीगत सांगण्यापूर्वी हे नृत्य असते तरी कसे, ते थोडे सांगायला हवे.

आपल्याकडे कोकणातला नाच वेगळा, देशावरचा वेगळा. तसेच जॉर्जियातही दर खोऱ्याचा नाच निराळा. लग्नासमारंभात नाचतात ते ‘कार्तुली’. एक पुरुष आणि एक स्त्री. स्त्रीचा झगा जमिनीपर्यंत लांब. त्याखाली तिची पावले इतकी बारीक आणि जलद पडतात की ती चालते आहे असे वाटतच नाही. तळ्यावरून हंस सरकावा तशी ती सरकते. नजर खाली. पुरुष तिच्याभोवती फिरतो, त्याची दृष्टी तिच्यावरून हलत नाही, कमरेपासून वरचे अंग ताठ आणि निश्चल असते. आणि नियम असा, की त्याच्या हाताचाच काय, वस्त्राच्या टोकाचाही स्पर्श तिला होता कामा नये. प्रेमाचे नृत्य, आणि त्यात स्पर्श नाही! आपल्या घरंदाज आजीबाईंनीही नाक मुरडू नये असा हा शृंगार आहे.

‘खोरुमी’ हे त्याच्या अगदी उलट. गुरिया आणि अजारा या नैर्ऋत्येकडच्या मुलखांतले ते युद्धनृत्य. ताल पाच मात्रांचा. त्यामुळे ऐकणाऱ्याला सारखे वाटत राहते की कोणीतरी दबक्या पावलांनी, मध्येच अडखळत, पुढे येत आहे. आधी तळासाठी जागा हेरायची, मग शत्रूचा माग काढायचा, मग लढाई आणि शेवटी विजय. साथीला ‘दोली’ नावाचा ढोल आणि कातड्याच्या पिशवीचे सुषिर वाद्य. ‘खेवसुरुली’ उत्तरेकडच्या उंच पहाडांतले. हातात खरी तलवार आणि लहानशी ढाल. आपल्या दांडपट्ट्याची आठवण व्हावी अशी चपळाई. पाते ढालीवर आदळले की ठिणग्या उडतात. हातघाई टिपेला पोहोचते तोच एक स्त्री पुढे येते आणि दोघांच्या मध्ये आपल्या डोक्यावरचा रुमाल टाकते. रुमाल पडला की तलवार थांबलीच पाहिजे. हा केवळ नाचातला संकेत नव्हे. त्या पहाडांतला तो जुना रिवाजच होता.

आणि शहरातले म्हणाल तर ‘किंतौरी’. जुन्या तिफ्लिस शहरात, म्हणजे आजच्या त्बिलिसीत, फळभाज्या विकणारे किंतो नावाचे फिरते विक्रेते असत. मोठे मिश्कील आणि थोडे लबाड. कमरेला रेशमी रुमाल खोचलेला; गिऱ्हाईक आले की त्याच रुमालात फळे बांधून तोलायची. त्यांची ती ऐट आणि चलाखी या नाचात उतरली आहे.

पुरुषांच्या नाचात आणखी एक अजब गोष्ट असते. ते पायांच्या बोटांवर नाचतात. बॅलेतल्या नर्तकीच्या जोड्याला पुढे टणक टोक असते. यांचे जोडे मऊ, पातळ कातड्याचे. बोटे आत मुडपून, त्यांच्या सांध्यांवर सारे अंग तोलायचे, आणि तशाच अवस्थेत गिरक्या घ्यायच्या, उड्या मारायच्या, गुडघ्यांवर पडायचे, पुन्हा उठायचे. स्त्रिया मात्र असे नाचत नाहीत. जगातल्या बहुतेक रंगमंचांवर बोटांवर उभी राहते ती स्त्री, इथे पुरुष!

• • •

ही नृत्ये गावच्या अंगणातून रंगमंचावर आणण्याचे मोठे श्रेय एका जोडप्याकडे जाते. इलिको सुखिश्विली (१९०७–१९८५) आणि त्यांची पत्नी निनो रामिश्विली (१९१०–२०००). दोघेही त्बिलिसीच्या ऑपेरागृहात नाचत. जॉर्जियन संगीतकारांच्या ऑपेरांत लोकनृत्याचे प्रवेश असत. झकारिया पालियाश्विली यांच्या ‘दाइसी’ या १९२३ सालच्या ऑपेरात ते आहेत. त्यामुळे अंगणातला नाच ऑपेराच्या उंबऱ्याशी आधीच येऊन उभा होता. इलिको १९३५ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय लोकनृत्य महोत्सवात नाचून गाजून आले होते. त्यांचे सारे बळ लोकनृत्यात. निनोबाईंच्या अंगी बॅलेची शिस्त. संसार आणि कला यांची अशी जोडी जुळलेली फार क्वचित आढळते.

१९४५ साली महायुद्ध संपले. जॉर्जियाने लाखो माणसे आघाडीवर धाडली होती आणि त्यांतली फार मोठी संख्या परत आली नव्हती. घरोघरी शोक होता, टंचाई होती. त्याच वर्षी या दोघांनी जॉर्जियाच्या सरकारी नृत्यपथकाची स्थापना केली. गावोगाव हिंडून नाच गोळा करायचे, जुन्या जाणत्यांकडून पावले शिकून घ्यायची, आणि मग त्यांना रंगमंचाचा आकार द्यायचा असा हा उद्योग होता. पुढे सिमोन विरसालाद्झे हा थोर नेपथ्यकार त्यांना येऊन मिळाला. लेनिनग्राड आणि मॉस्कोच्या बॅलेंचे नेपथ्य करणारा हा कलावंत स्वतः जॉर्जियनच. त्याने भडक रंगांना फाटा दिला. पुरुषांचा छातीवर काडतुसांच्या नळ्या असलेला ‘चोखा’ नावाचा लांब अंगरखा, स्त्रियांचे पायघोळ झगे, जुन्या देवळांच्या भिंतींवरची चित्रे, या साऱ्यांचा अभ्यास करून त्याने असे पोशाख दिले की पडदा उघडताच प्रेक्षक श्वास रोखून धरी. ‘सामाइया’ या नृत्यात तीन स्त्रिया येतात. बाराव्या शतकाच्या अखेरीस गादीवर आलेल्या तामार राणीची ही तीन रूपे मानली जातात. त्या तिघी रंगमंचावर आल्या की भित्तिचित्रेच सजीव होऊन उतरली असे भासे.

आता परदेश दौरे. १९५६ नंतर सोव्हिएत राज्याची दारे किंचित उघडू लागली. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५८ च्या जानेवारीत सांस्कृतिक देवघेवीचा करार झाला आणि त्याच वर्षी मॉस्कोच्या मोइसेयेव्ह पथकाने अमेरिका जिंकली. अणुबाँबच्या धाकात बसलेल्या दोन्ही राष्ट्रांनी एकमेकांकडे नर्तक धाडावेत, हा विसाव्या शतकातला एक नवलाचाच प्रकार म्हणायचा. सुखिश्विलींचे पथकही या लाटेवर बाहेर पडले आणि युरोप-अमेरिकेच्या मोठमोठ्या रंगमंदिरांत जाऊन पोहोचले. १९६७ साली मिलान शहरातील ला स्काला या ऑपेरागृहात त्यांचा कार्यक्रम झाला. ला स्काला म्हणजे ऑपेराचे काशीक्षेत्र. तेथे लोकनृत्याला जागा मिळणे हीच अपूर्वाई. त्या रात्री प्रेक्षकांनी चौदा वेळा पडदा वर घ्यायला लावला, असे पथकाच्या परंपरेत आजही अभिमानाने सांगतात.

मात्र हे दौरे म्हणजे स्वैर मुशाफिरी नव्हती. सारा कारभार मॉस्कोच्या सरकारी कचेरीतून चाले. कोणी जायचे, कोठे जायचे, किती दिवस राहायचे ते तेथे ठरे. प्रत्येकाची कसून चौकशी होई. बिदागीचा मोठा वाटा सरकारी खजिन्यात जाई. आणि पुन्हा तोच जुना प्रश्न: नाव कोणाचे? परक्या देशांतले लोक सोव्हिएत संघालाच ‘रशिया’ म्हणत. तेव्हा वर्तमानपत्रे वाचणाऱ्या कित्येकांच्या लेखी हे ‘रशियन नर्तक’च होते. एक फरक मात्र पडला होता, आणि तो लहान नव्हे. बफेलो बिलच्या रिंगणात जॉर्जिया हा शब्दच नव्हता. आता पथकाच्या नावातच तो होता. रशियन नर्तक असे नाचत नाहीत, हे डोळे असलेल्या कोणत्याही प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत कळे. घरी परतल्यावर कोणी नकाशा उघडून हा देश आहे तरी कोठे ते शोधले असेल, तर त्या नर्तकांचे अर्धे काम झाले म्हणायचे.

• • •

याच सुमारास एक उलटा दौरा घडला, तोही सांगण्याजोगा आहे. न्यूयॉर्कचा बॅलेसम्राट जॉर्ज बॅलँचिन याचे मूळ नाव ग्योर्गी बालांचिवाद्झे. त्याचे वडील मेलितोन हे जॉर्जियन संगीतकार. मुलगा जन्मला पीटर्सबर्गमध्ये आणि १९२४ साली देश सोडून पश्चिमेस गेला. तेथे त्याचे आडनाव परदेशी जिभेला सोयीचे व्हावे म्हणून कापून लहान करण्यात आले. १९६२ च्या शरद ऋतूत तो आपले न्यूयॉर्कचे पथक घेऊन सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर आला. क्यूबावरून दोन महासत्ता युद्धाच्या कड्यावर उभ्या होत्या, ते हेच दिवस! मॉस्कोत त्याला त्याचा संगीतकार भाऊ अंद्रिया भेटला. चाळीसेक वर्षांनी झालेली ती भेट. तेथून पथक त्बिलिसीला गेले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी बॅलँचिनने आपल्या पूर्वजांची भूमी प्रथमच पाहिली, तीही अमेरिकन पाहुणा म्हणून. कलावंत जगभर गाजला, पण त्याच्या नावातला जॉर्जिया कापला गेला होता. जॉर्जियन माणसाच्या वाट्याला परदेशात काय येते, याचा हा आणखी एक दाखला.

• • •

येथे एक प्रश्न कोणीही सुज्ञ वाचक विचारील, की रंगमंचावर आलेला हा नाच मूळचा राहिला काय? उत्तर सरळ आहे: नाही. गावात खोरुमी थोडकी माणसे नाचत. रंगमंचावर तीस-चाळीसांची फळी एका पावलाने चालून येते. गावात नाचणारा आपल्या लहरीप्रमाणे थांबे, खुले, पुन्हा सुरू करी. रंगमंचावर घड्याळ असते. गावात पाहणारा आणि नाचणारा एकच. येथे मध्ये तिकीट आले. परदेशी प्रेक्षकांना उड्या आणि ठिणग्या आवडतात, म्हणून उड्या वाढल्या आणि ठिणग्याही वाढल्या. आपल्या तमाशाला आणि लेझमीला शहरात आल्यावर जे झाले, तेच थोड्याबहुत फरकाने तेथे झाले. याची हळहळ जॉर्जियातल्या जाणकारांनाही वाटते.

परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या काळात सरकार, पैसा, पारपत्र सारे मॉस्कोच्या हाती होते, त्या काळात या रंगमंचाने एका लहान राष्ट्राला स्वतःचा चेहरा आरशात दाखविला. त्या लोकांना आपल्या ओळखीची केवढी चाड होती, हे १४ एप्रिल १९७८ रोजी दिसले. नव्या राज्यघटनेतून जॉर्जियन भाषेचा राजभाषेचा दर्जा काढून टाकण्याचा घाट घातला गेला, तेव्हा हजारो लोक, विशेषतः विद्यार्थी, त्बिलिसीच्या रस्त्यावर उतरले. आणि त्या जबरदस्त सत्तेला माघार घ्यावी लागली. पुढे ९ एप्रिल १९८९ च्या पहाटे, त्याच शहरातल्या रुस्तावेली मार्गावर स्वातंत्र्य मागणाऱ्या जमावावर सोव्हिएत लष्कर धावून गेले. वीसएक माणसे मेली, त्यांत स्त्रियाच अधिक. लष्कर येण्यापूर्वी त्या जमावातली तरुण मंडळी गात होती, प्रार्थना करीत होती आणि नाचतही होती. रणगाडे येणार हे ठाऊक असताना माणसे नाचतात, तेव्हा तो नाच करमणुकीचा राहत नाही. बरोबर दोन वर्षांनी, ९ एप्रिल १९९१ रोजी, जॉर्जियाने स्वातंत्र्य जाहीर केले.

नाव मिळाले, पण सुख लगेच मिळाले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस त्बिलिसीच्या भर रस्त्यांत यादवी पेटली. सोव्हिएत खजिन्याचा आधार तुटला. पुढची काही वर्षे थंडीच्या दिवसांत शहरात वीज नसे, ऊब नसे. अशा काळात पथक टिकले ते पुन्हा परदेश दौऱ्यांवर. फरक एवढाच, की आता जाहिरातीवर दुसऱ्या कोणाचे नाव नव्हते. आज संस्थापकांची नातवंडे, धाकटे इलिको आणि धाकट्या निनो, पथकाची धुरा वाहतात. आजी-आजोबांचीच नावे, आजी-आजोबांचेच काम! पथकही एकच उरलेले नाही. १९६८ साली अंझोर एर्कोमाइश्विली यांनी स्थापलेल्या ‘रुस्तावी’ने गाणे आणि नाच दोन्ही जगभर नेले. ‘एरिसिओनी’ पथक आपली परंपरा १८८५ सालच्या एका गायकवृंदापर्यंत नेऊन भिडविते. आणि गाण्याचे म्हणाल, तर १९७७ साली अमेरिकेने अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीत ‘चाक्रुलो’ हे जॉर्जियन लोकगीत आहे. इतका लांबचा दौरा आजवर कोणत्याही कलापथकाला घडलेला नाही!

• • •

शेवटी एका नाचाविषयी सांगून हा लेख पुरा करतो. पथकाच्या गाजलेल्या नृत्यांत ‘सिम्दी’ नावाचे एक आहे. उंच टोप्या घातलेले स्त्री-पुरुष संथपणे, जोडीजोडीने, रेषा आखल्यासारखे सरकत जातात; उडी नाही, आरोळी नाही. पाहणाऱ्याला वाटावे, धुक्यातून एखादी मिरवणूक चालली आहे. हे नृत्य जॉर्जियनांचे मूळचे नव्हे; ते ओसेतियन लोकांचे. ओसेतियन ही कॉकेशसमधली निराळी जमात, निराळ्या भाषेची. १९९१-९२ मध्ये आणि पुन्हा २००८ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण ओसेतियावरून युद्ध झाले, रशियाची फौज आत शिरली, दोन्ही बाजूंची माणसे मेली, हजारो घरांना मुकली. आज त्या दोन लोकांच्या मध्ये काटेरी तारा आहेत. आणि तरीही जॉर्जियन रंगमंचावर सिम्दी नाचले जाते. तारांच्या पलीकडे ओसेतियनही ते नाचतात.

याचा अर्थ कोणी कसा लावील? जॉर्जियन म्हणेल, ‘आमच्या मनात वैर नाही, म्हणून तर आम्ही ते जपले.’ ओसेतियन म्हणेल, ‘आमचे नृत्य, आणि टाळ्या तुमच्या नावावर!’ दोन्हींत तथ्य आहे. त्यातल्या त्यात बरी गोष्ट ही, की पथकाने त्या नृत्याचे नाव बदललेले नाही. ते सिम्दीच राहिले आहे, आणि ते कोणाचे हेही उघड आहे. बफेलो बिलच्या रिंगणात ज्यांचे आजे-पणजे कोसॅक म्हणून नाचले, त्यांना दुसऱ्याच्या नावाची किंमत कळावी, हे योग्यच आहे.

खेवसुरुलीत तलवारी चालू असताना एक स्त्री रुमाल टाकते आणि हात थांबतात, हे मघा सांगितलेच. कॉकेशसच्या त्या काटेरी तारांवर असा एखादा रुमाल केव्हा पडेल, कोण जाणे. गोव्याच्या मातीतली राणी तरी चार शतकांनी, नाव हरवू न देता, घरी पोहोचली. तारांच्या दोन्ही बाजूंना घरादाराला मुकलेल्या माणसांनाही तो दिवस दिसो.